अनुश्रीची तीन मिनिटांची गोष्ट

गोष्ट खरी हवी, असं वसुंधराबाईंनीच मुलांना सांगितलं होतं. आपल्या घरातली, आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. ऐकीव नको, पुस्तकातली नको. सात फोटो, तीन मिनिटं, आणि ज्याची गोष्ट त्याचाच आवाज.

हे सगळं त्या दिवाळीच्या सुट्टीत भोपाळच्या शिबिरातून शिकून आल्या होत्या. इंदूरच्या त्या मराठी शाळेत चार कॉम्प्युटर कुणा दात्याने देऊन वर्ष झालं होतं, पण त्यांच्यावरची प्लॅस्टिकची आवरणं फक्त पाहुणे आले की निघत. मुलं दरवर्षी कमी होत होती. ज्यांना परवडत होतं ते इंग्लिश मीडियमकडे वळत होते. उरली होती ती बहुतेक मिलवाल्यांची मुलं, म्हणजे बंद मिलवाल्यांची. ‘स्नेहसंमेलनात पालकांना काहीतरी दाखवा बाई, नाहीतर पुढच्या वर्षी नववीचा वर्ग निघायचा नाही,’ असं मुख्याध्यापक अप्पासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मराठी शिकवणाऱ्या वसुंधराबाई वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माउस धरायला शिकल्या.

शाळेला एक कॅमेरा मिळाला होता, फ्लॉपी घालायचा. तो आळीपाळीने एकेका मुलाच्या घरी जाई. सोमवारी परत आला की मुलं कॉम्प्युटरवर फोटो लावत आणि कागदावर लिहिलेली गोष्ट माइकमध्ये वाचत. एका कॉम्प्युटरवर दोघं. रेकॉर्डिंग चालू असताना बाकी वर्ग अंगणात.

कुणी आजोळच्या गायीची गोष्ट केली, कुणी भावाच्या सायकलची. अनुश्री पाचपुतेची सगळ्यात शेवटी झाली. अनुश्री वर्गात फारसं बोलत नसे. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची आणि लगेच खाली बसायची. बाईंनी हेडफोन लावले. पडद्यावर एक भलंमोठं दार आलं, गंज चढलेलं, आणि त्याच्या बाजूला खाकी गणवेशातला एक माणूस, टोपी हातात धरून.

‘माझे बाबा कुठे जातात ते मी कुणाला सांगत नाही,’ अनुश्रीचा आवाज म्हणाला. ‘पण बाईंनी खरी गोष्ट सांगायला सांगितली, म्हणून सांगते. माझे बाबा मिलमध्ये जातात. मिल बंद आहे, तरी जातात. पहले ते तिथे कापड विणायचे. आता तिथेच चौकीदार आहेत. मिलमध्ये कबुतरं राहतात. बाबा मशीनशी बोलतात. म्हणतात, काय गं, झाली का झोप? या हॉलमध्ये पूर्ण लाइनने माग होते. आता नुसती जमिनीत भोकं आहेत. ट्रक येतो तेव्हा बाबा तिकडे पाठ करून उभे राहतात. ज्या दिवशी ट्रक येतो, त्या दिवशी बाबा डबा खात नाहीत.’

बाईंनी हेडफोन काढले. ‘पाठ करून उभे राहतात’ हे वाक्य त्यांनी मनात दोनदा घोळवलं. तेरा वर्षांच्या मुलीला असं वाक्य सुचतं म्हणजे काय. त्यांनी अनुश्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ही आपण सर्वांत शेवटी दाखवू. सगळ्यांच्या लक्षात राहील.”

अनुश्री हसली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची जोडीदारीण आर्या भोईटे बसली होती. ती मात्र हसली नाही. बाईंच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अनुश्रीची आई, सरला, शाळेत आली. वर्गाच्या दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. शेवटी बाईच बाहेर व्हरांड्यात गेल्या.

“बाई, ती पोरीची गोष्ट,” सरला म्हणाली, “ती दाखवू नका ना.”

“का हो? अहो, इतकी सुंदर झालीय—”

“सुंदर असेल. पण तिच्या बाबांचं ते कुणाला माहीत नाही. नंदानगरात सगळे समजतात की ते सांवेर रोडच्या कारखान्यात लागलेत. कालच तिने घरी सांगितलं की मी असं असं बोलली आहे. हे ऐकून यांना रात्री ताप भरला.” सरलाने पदर बोटाला गुंडाळला. “गेटवर युनियनची माणसं बसलीत, बाई. रोज बसतात. मिलमधलं सामान विकून त्यांना हक्काचं काही मिळेल या आशेवर. आणि सामान तर मागच्या गेटने चाललंय. गेट कोण उघडतं? हेच उघडतात. सेक्युरिटीवाल्यांचं तुकोगंजला ऑफिस आहे, तिथून फोन येतो, हे उघडतात. कोणाला कळलं तर लोक काय करतील सांगा.”

आदल्या दिवशी ज्या वाक्याचं वसुंधराबाईंनी मनातल्या मनात कौतुक केलं होतं, ते वाक्य नव्हतंच. ती बातमी होती. त्यांनी ती निबंध तपासावा तशी ऐकली होती.

“मी काढून टाकते,” त्या म्हणाल्या. “आजच. कुणालाही कळणार नाही.”

“दुसऱ्या कोणी ऐकली तर नाही ना?”

बाई ‘नाही’ म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांना ती शेजारची खुर्ची आठवली.

आर्याचे वडील पंढरीनाथ भोईटे मिलच्या गेटवर बसणाऱ्यांत पहिले होते. शाळेच्या दाखल्यात त्यांचा व्यवसाय अजून ‘मिल कामगार’ असाच होता. ते बदलू देत नसत.

सरलाला त्यांनी हे सांगितलं नाही. ‘मी बघते’ एवढंच म्हणाल्या आणि तिला फाटकापर्यंत पोचवून आल्या. मग पुढचा तास त्यांनी कसा घेतला, त्यांचं त्यांना कळलं नाही. फळ्यावर एकच शब्द त्यांनी दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिला आणि मुलांनी दाखवून दिल्यावर पुसला. आर्याकडे बघावं तर ती वहीत मान घालून बसलेली. अनुश्रीकडे बघवत नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी आर्याला थांबवून घेतलं. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच.

“आर्या, अनुश्रीची गोष्ट… तू कुणाला सांगितलीस का?”

आर्याने बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. “बाई, तुम्हीच म्हणाला होता ना, चांगली गोष्ट ऐकली की घरी सांगायची.”

“म्हटलं होतं.”

“तर मी पप्पांना सांगितली. जेवताना. पप्पांनी ताट सरकवून दिलं. मग मला परत विचारलं, परत विचारलं. कोणता हॉल, कितने माग, फोटोत काय काय दिसतं. मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. बाई, मी काही गलत केलं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तू घरी जा.”

त्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि मशीन चालू केलं. अनुश्रीच्या नावाचा फोल्डर उघडला. चौथा फोटो त्या हॉलचा होता. वरच्या काचांतून ऊन आत पडलेलं, आणि लांबच लांब मोकळ्या जमिनीवर रांगेने काळी भोकं. आता त्यांना त्यात फक्त पुरावा दिसत होता. त्यांनी सगळे फोटो निवडले आणि बोट बटणावर नेलं. एकदा दाबलं की संपलं. फ्लॉपी मोडून टाकायची. मग कुणी काही म्हणो, शाळेत काही नाही.

दारावर टकटक झाली. त्यांनी दचकून बोट मागे घेतलं.

पंढरीनाथ भोईटे आत आले. उंच, वाकलेले, डोक्यावर मफलर. त्यांच्या चपलांना गेटवरच्या राखेची धूळ होती, थंडीत तिथे शेकोटी पेटलेली असे. बाईंना वाटलं, हे आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले.

“बाईजी, ते फोटो मला पाहिजेत.”

“कुठले?”

“तुम्हाला माहीत आहे.” त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला. “परवा कोर्टात तारीख आहे. मिलचे मालक म्हणतात, मिलमधलं एकूण एक मशीन जागच्या जागी आहे. आम्ही म्हणतो, नाही. वकील आम्हाला विचारतो, सबूत काय? आम्हाला आत जाऊ देत नाहीत, तर सबूत कुठून आणायचं? आणि माझी पोरगी मला जेवताना सांगते की सबूत तिच्या वर्गात आहे.”

“आणि अनुश्रीच्या बाबांचं, शाम पाचपुतेंचं काय?”

“शामचं मला काही वाकडं करायचं नाही.”

“तुम्ही नाही करणार. बाकीचे?”

पंढरीनाथांनी मफलरची घडी घातली. बाकीच्यांची हमी त्यांनी दिली नाही, हेच बाईंना जास्त भीतीचं वाटलं.

“फोटो माझे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी देऊ शकत नाही.”

“मग कोणाचे आहेत?”

“त्या मुलीचे.”

“ती मुलगी तेरा वर्षांची आहे, बाईजी. आणि आम्ही हजारो घरं आहोत. त्यातली किती पोरं तुमच्याच शाळेत आहेत, मोजा.” ते उठले. आवाज चढला नव्हता. “मी उद्या सकाळी येतो. तुम्ही विचार करा. एवढंच सांगतो, मिटवू नका.”

ते गेल्यावर बाईंनी पडद्याकडे पाहिलं. फोटो अजून निवडलेलेच होते, निळ्या रंगात. त्यांनी मशीन तसंच बंद केलं, फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि नंदानगरला जायला सवारीचा टेम्पो धरला. वाटेत दोनदा पर्स उघडून ती आहे ना हे पाहिलं. मुलांना घरातलं खरं बोलायला लावताना ‘कुणाचं खरं’ हा प्रश्न शिबिरात कुणी विचारला नव्हता. त्यांनीही नाही. तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

शाम पाचपुते घरात पांघरूण घेऊन बसला होता. माणूस धिप्पाड, पण चेहरा उतरलेला. बाई आलेल्या पाहून तो उठायला लागला, त्यांनी खुणेनेच बसवलं. अनुश्री दिसत नव्हती. तिला सरलाने शेजारी पाठवलं होतं.

बाईंनी काही लपवलं नाही. आर्याचं सांगितलं, पंढरीनाथांचं सांगितलं, परवाच्या तारखेचं सांगितलं. सरला मटकन खाली बसली. शाम मात्र ऐकत राहिला. मग म्हणाला, “मी ती ऐकली नाही अजून.”

“काय?”

“पोरीची गोष्ट. ती रविवारी डबा घेऊन आली, तिच्या गळ्यात तो कॅमेरा. म्हणाली, शाळेचं आहे. मी म्हटलं काढ. मला काय माहीत ती काय बोलणार आहे. घरी आल्यावर तिने सांगितलं, पण मीच तिला चुप केलं. पूर्ण ऐकली नाही.” तो बाईंकडे बघत होता. “तुम्ही मला ऐकवाल?”

“फोटो मी अजून मिटवू शकते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तर. पंढरीनाथांना सांगेन, खराब झाले.”

“पहिले ऐकू द्या.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच शाम आला. ड्यूटीचा गणवेश अंगावर होता, वरून स्वेटर. बाईंनी त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावरचे फोटो बदलताना दिसत होते. चौथ्या फोटोशी शामने डोळे मिटले. गोष्ट संपली तसं त्याने विचारलं, “परत कसं लावायचं?”

त्याने ती तीन वेळा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना तो एकदा हसला.

“मी मशीनशी बोलतो हे तिने कधी पाहिलं कोण जाणे,” तो म्हणाला. मग हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले. “बाई, मला वाटायचं पोरीला फक्त एवढं माहीत आहे की मी चौकीदार आहे. डबा का परत येतो, ते पण तिला माहीत आहे.”

बाई घड्याळाकडे बघत होत्या. पंढरीनाथ केव्हाही येणार होते आणि हे दोघं इतक्यात एकमेकांसमोर यायला बाईंना नको होते. शामने लवकर जावं असं त्यांना वाटत होतं. पण शाम त्याच बुटक्या खुर्चीवर बसून राहिला. मग व्हरांड्यात चपला वाजल्या आणि पंढरीनाथ दारात आले.

शामला पाहून ते जागीच थांबले. त्याच्या खाकी पँटकडे त्यांनी पाहिलं.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“राखीपासून, पंढरीभिया.”

“म्हणजे आम्ही पुढच्या गेटवर आणि तू मागच्या.”

“हो.”

“एकदा तरी येऊन सांगायचंस.”

“कोणत्या तोंडाने येणार होतो?” शाम म्हणाला. “तुमच्या बाजूला बसूनच तर उठलो. पोरीची फीस, घरभाडं, सगळंच अडलं होतं. एजन्सीवाला म्हणाला, मिलचा आदमी पाहिजे, कोपरा न् कोपरा माहीत असलेला. मी गेलो. पहिल्या महिन्यात ट्रक नव्हते. ट्रक नंतर आले.”

पंढरीनाथांचा जबडा हलला. वसुंधराबाई दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. आपण कशाला मध्ये आलो, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांचं डोकं पंढरीनाथांच्या खांद्यालाही लागत नव्हतं.

“बाजूला व्हा, बाई,” शाम हळूच म्हणाला. “ते मारणार नाहीत. मारलं तर मारू द्या.” मग पंढरीनाथांना म्हणाला, “फोटो घेऊन जा. आवाज नाही मिळणार. पोरीचा आवाज कोर्टात नाही, गेटवर नाही, कुठेच नाही. आणि फोटो कोणी काढले विचारलं तर शाम पाचपुतेने काढले म्हणायचं. मी येऊन सही करीन.”

“नोकरी जाईल.”

“जाईल.”

“आणि गेटवर पोरं काय म्हणतील, ते मी आता सांगू शकत नाही. काही जण ऐकतील, काही नाही ऐकणार.”

“ते पण मला माहीत आहे.”

पंढरीनाथ खुर्चीत बसले. बाहेर मुलं जमायला लागली होती, प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या. “मागच्या हॉलमधले गेले की पुढचे?” पंढरीनाथांनी शेवटी विचारलं. शामने पडद्यावर बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली, आणि दोघं कोण कुठल्या मागावर होतं ते बोलू लागले. बाईंनी फ्लॉपीची एक प्रत काढून दिली.

अनुश्रीला सांगायचं काम राहिलं होतं. ते त्यांनी प्रार्थनेनंतर केलं. “तुझी गोष्ट संमेलनात दाखवता येणार नाही.” अनुश्रीने ऐकून घेतलं.

“मी खोटं बोलली का, बाई?”

“नाही, बेटा. सगळं खरं होतं.”

“मग का काढली?”

बाईंनी काहीतरी सांगितलं. बाबांच्या नोकरीचं, मोठ्या माणसांच्या अडचणींचं. अनुश्री मान हलवत राहिली, आणि ती समजूत पटल्याची मान नाही हे बाईंना कळत होतं. वर्गात आल्यावर तिने आपलं दप्तर उचललं आणि आर्याच्या शेजारची जागा सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

संमेलन चांगलं पार पडलं. गाय दाखवली, सायकल दाखवली, पालकांनी टाळ्या वाजवल्या, अप्पासाहेबांनी भाषणात कॉम्प्युटर हा शब्द अनेकदा वापरला. वसुंधराबाई प्रोजेक्टरच्या शेजारी उभ्या होत्या. दर गोष्टीनंतर, आता चुकून ती लागेल, असं वाटून त्यांचा हात वायरकडे जाई. ती लागली नाही. त्यांनी ती मशीनवरून काढून एका सीडीवर घालून शामला दिली होती.

कोर्टाने मिलच्या आत जाऊन तपासणी करण्याचा हुकूम दिला. ट्रक थांबले. कामगारांच्या थकलेल्या पैशांचं भिजत घोंगडं तसंच राहिलं, ते पुढे कित्येक वर्षं. शामला त्याच आठवड्यात एजन्सीने काढलं. गेटवर तो गेला तेव्हा काही जण उठून निघून गेले. एकाने त्याच्या अंगावर चहा फेकला. पंढरीनाथांनी त्याला आपल्या बाजूला बसवलं, असं आर्याने बाईंना सांगितलं. उन्हाळ्यानंतर तो खरंच सांवेर रोडच्या एका कारखान्यात लागला. आणखी वर्ष गेलं तेव्हा लोक या सगळ्याबद्दल बोलायचे थांबले होते.

पुढच्या वर्षी नववीचा वर्ग निघाला. वसुंधराबाईंनी पुन्हा गोष्टी करायला घेतल्या, पण या वेळी फळ्यावर एक ओळ जास्त लिहिली: ज्यांची गोष्ट आहे, त्यांना आधी ऐकवा. त्यांनी हो म्हटलं तरच वर्गात आणा. मुलांनी ती उतरवून घेतली. एका मुलाने विचारलं, त्यांनी नाही म्हटलं तर? बाई म्हणाल्या, तर दुसरी गोष्ट शोध, आणि ही तुझ्याकडे ठेव.

अनुश्रीने त्या वर्षी सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खायला गेल्याची गोष्ट केली. मामाचं नाक मिरचीने कसं लाल झालं, आणि त्याने चुकून दुसऱ्याच्याच पानाच्या दोन्यात चमचा कसा घातला. वर्ग पोट धरून हसला. आर्याही हसली, आणि अनुश्रीने तिच्याकडे वळून पाहिलं. गोष्टीत तिचा आवाज मोकळा होता, सात फोटो होते, कुठेही अडखळली नाही. वसुंधराबाईंनी हेडफोन लावून ती गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली, मग आणखी एकदा. मुलगी खरंच हसतेय, की आता कुठली गोष्ट सांगायची आणि कुठली नाही हे तिला कळायला लागलंय, याचा त्यांना अंदाज येईना. त्यांनी तिला चांगले गुण दिले.